जुन्या छापील चित्रातली एका स्तनाची ‘ॲमेझॉन’ म्हणजे कोणती देवी?

तुम्ही लिहिलंय : ट्रंकेत सापडलेलं चित्र, चार हातांची, एकच स्तन असलेली बाई, शेजारी बैल, खाली इंग्रजीत ‘ॲमेझॉन, एलिफंटा’.

देवी अर्धीच आहे हो, उरलेला अर्धा शंकर. घारापुरीच्या (म्हणजेच एलिफंटाच्या) मुख्य लेण्यात त्रिमूर्तीच्या पूर्वेला जो पाचेक मीटर उंचीचा अर्धनारीश्वर आहे, तोच हा. बैल म्हणजे नंदी.

ॲमेझॉन कुठून आली? ग्रीक कथांतल्या या लढवय्या बायका धनुष्य ओढायला अडचण नको म्हणून उजवा स्तन काढून टाकत, अशी समजूत होती. युरोपातून आलेल्या प्रवाशांना मूर्तीची उजवी छाती सपाट दिसली आणि त्यांनी हातातलं नाव चिकटवलं. 1819 साली छापलेल्या निबंधात विल्यम अर्स्किन या स्कॉटिश अभ्यासकाने ही अर्धनारी असल्याचं लिहिलं. (गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं!) पण चुकीची नावं सहजासहजी मरत नाहीत, त्यामुळे निव्वळ मथळ्यावरून चित्राचं साल ठरवू नका.

आता खरी गंमत. मी एकदा अशाच चित्राचा फोटो मोबाइलवर घेऊन त्या मूर्तीसमोर उभा होतो. चित्रात नंदी उजवीकडे, समोर डावीकडे. आपण भलत्याच मूर्तीपुढे आलोय असं वाटून मी अख्खं लेणं फिरून आलो. नंतर ट्यूब पेटली : तांब्याच्या पत्र्यावर किंवा शिळाछापाच्या (लिथोग्राफच्या) दगडावर जे काढाल ते कागदावर उलटं उमटतं. कारागिराने आधीच उलटं काढलं नसेल, तर शिव-पार्वतीची बाजूच बदलते. शास्त्राप्रमाणे पार्वती मूर्तीच्या डाव्या अंगाला, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला हवी. घारापुरीत तिच्या वर उचललेल्या हातात आरसा आहे, शिवाच्या हातात नाग.

पायही बघा. मूळ मूर्तीचा खालचा भाग फुटलेला आहे. चित्रात पाय धडधाकट असतील तर ते चित्रकाराच्या पदरचे.

भिंगाखाली खडूसारखा रवाळ पोत दिसला तर शिळाछाप समजा. कडेला चौकोनी दाब उमटला असेल तर धातूचा पत्रा. मागे मजकूर छापलेला असेल तर पान पुस्तकातून किंवा साप्ताहिकातून कापलंय.

आरसा कुठल्या बाजूला आहे ते बघून इथेच कळवा.