थ्रॉटल दिला की नाक वर? डाउन थ्रस्ट वाढवण्याआधी दोन सेकंद थांब

भावा, दोन मीटर पंखांच्या, रिमोटवर उडणाऱ्या बाल्सा (हलकं लाकूड) ग्लायडरला २२१२ आकाराची मोटर बसवलीस, थ्रॉटल दिला की नाक वर करून डावीकडं जातंय, म्हणून डाउन थ्रस्ट (मोटरचा खाली झुकता कोन) ३ वरून ६ अंशांवर न्यायच्या बेतात आहेस. करवत खाली ठेव. याच घाईत माझ्या ग्लायडरचं नाक दोनदा कापलं गेलं, माझं तर गेलंच.

मोटर बंद ठेवून ग्लाइड ट्रिम झालंय (काड्या सोडल्या तरी सरळ तरंगतंय) असं धरतो. आता उंचीवर, सरळ ग्लाइडमध्ये, एलिव्हेटरला (शेपटीची वर-खाली होणारी पट्टी) हात न लावता पूर्ण थ्रॉटल दे. नाक तत्काळ उचललं तर दोष थ्रस्ट लाइनचा, म्हणजे मोटर ज्या रेषेत ओढते तिचा. दोन-तीन सेकंदांनी, वेग चढल्यावर उचललं तर बहुतेक सीजी (गुरुत्वमध्य) फार पुढं आहे आणि ते झाकायला अप ट्रिम (एलिव्हेटर कायम थोडा वर) दिलंय. तिथं डाउन थ्रस्ट वाढवणं म्हणजे आजार रेड्याला, औषध पखालीला. शिवाय हँड लाँचला (हातानं फेकताना) वेग नसतो, शेपटीत जोर नसतो, मोटर नाक खाली ओढते आणि मॉडेल थेट उसाच्या सरीत. बॅटरी ५-५ मिमी मागं सरकव, अप ट्रिम काढत जा.

दोष खरंच थ्रस्टचा असेल तर मोटरची चार भोकं गुणिले चिन्हासारखी ठेव. मोटर फायरवॉलच्या (नाकातली मोटर धरणारी पाटी) पुढं असेल तर मधल्या फटीत वरच्या दोन स्क्रूंवर एकेक एम३ वॉशर (०.५ मिमी) घाल, साधारण २ अंश मिळतात. मोटर मागून, नाकाच्या आत बसवली असेल तर हेच वॉशर खालच्या स्क्रूंवर! इथं चुकलास तर अप थ्रस्ट होतो. मी मोटर घेतली त्या दुकानात ‘सगळ्यांना ३ डाउन, २ राईट’ (राईट म्हणजे मोटर तेवढे अंश उजवीकडं वळवणं) एवढंच मिळालं, कोन कशापासून मोजायचा याचा पत्ता नाही. फ्यूजलाजच्या मध्यरेषेपासून मोज.

डावीकडं जाण्याला २ अंश राईट पुरतो. उजवी बाजू शेपटीकडून बघून ठरव. पुढं बसवलेल्या मोटरीत फायरवॉलपासून स्पिनर (प्रॉपच्या मधली टोपी) ४० मिमीवर असेल तर ३ अंशांत तो २ मिमी खाली येतो, म्हणून नवी भोकं तेवढी वर पाड.

कोन पक्का झाला की उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपातून ॲल्युमिनियमची पाचर करून घे, आधी नको. पायलॉनवर (पाठीवरच्या खांबावर) मोटर असेल तर यातलं काही धरू नकोस, तिथलं गणित निराळं.

आणि ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ब्रेक चालू आहे ना बघ. नसेल तर फोल्डिंग प्रॉप (घडी होणारा पंखा) मिटत नाही, वाऱ्यावर फिरत राहतो आणि तुझं ग्लाइड ट्रिमच खोटं निघतं.