विंडोज ११ मध्ये टास्कबारवरची गर्दी कमी करायला कोणतं मोफत सॉफ्टवेअर चांगलं?

तुम्ही लिहिलंय की खालच्या पट्टीवर इतकी चिन्हं झाली आहेत की हवी ती खिडकी सापडत नाही, आणि मोफत उपाय हवा आहे. उपाय आहेत. पण या प्रश्नावर नेहमी मिळणारं 'घड्याळाशेजारच्या बाणामागे चिन्हं ढकला, झालं' हे उत्तर मला अजिबात पटत नाही. ढकललेला प्रोग्रॅम चालूच राहतो, मेमरी अडवतो, संगणक सुरू व्हायला उशीर लावतो. फक्त तो दिसेनासा होतो, त्यामुळे कोणी त्याच्याकडे बघतही नाही. टास्कबार आपोआप लपवणं हाही त्यातलाच प्रकार.

सर्च बॉक्स, टास्क व्ह्यू, विजेट्स ही बटणं तुम्ही सेटिंग्जमधून बंद केलीच असतील, असं धरून चालतो.

उघड्या खिडक्यांची गर्दी असेल तर ट्रेमंड घ्या. छोटा, मोफत, मुक्त-स्रोत प्रोग्रॅम आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही. समोरच्या खिडकीवर विंडोज + शिफ्ट + झेड दाबलं की ती टास्कबारवरून उठून घड्याळाशेजारी छोटं चिन्ह होऊन बसते. डबल क्लिक केलं की परत. रिटर्न भरायच्या दिवसांत टॅली, चार-पाच एक्सेल फाइली, जीएसटी पोर्टल आणि दोन पीडीएफ उघडे असतात, तेव्हा केवळ संदर्भासाठी लागणाऱ्या फाइली अशा बाजूला ठेवता येतात. इथे माझ्याच बोलण्याशी विसंगती नाही: ही फाइल तुम्हाला उघडीच हवी आहे, फक्त समोर नको आहे.

ट्रेमंडमध्ये दोन ठिकाणी लोक अडकतात. नवीन चिन्ह विंडोज ११ बाणामागेच टाकतं, त्यामुळे खिडकी बंद झाली असं वाटतं. बाण उघडून ते चिन्ह माउसने ओढून टास्कबारवर आणा. दुसरं, टॅली 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ने उघडत असाल तर साध्या अधिकाराने चालणारा ट्रेमंड तिची खिडकी हलवू शकत नाही. मग ट्रेमंडही त्याच अधिकाराने उघडावा लागतो. आरबीट्रे नावाचा जुना प्रोग्रॅम मिनिमाइझ बटणावर राइट क्लिक करून हेच काम करतो, पण ब्राउझरसारखे प्रोग्रॅम आपली वरची पट्टी स्वतःच काढतात, तिथे तो अडतो.

आता घड्याळाशेजारची खरी गर्दी. तिथलं जवळपास प्रत्येक चिन्ह विंडोजबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमचं असतं, म्हणून औषध तिथे नाही, स्टार्टअपमध्ये आहे. टास्क मॅनेजरमधली यादी अपुरी पडते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातलं ऑटोरन्स मोफत आहे, विंडोजबरोबर आपोआप सुरू होणारं सगळं ते दाखवतं, तेच वापरा. झिप फाइल उघडा, ६४-बिटवालं ऑटोरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि ऑप्शन्समधून 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' वर खूण करा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदी चुकून हाताला लागणार नाहीत. मग लॉगऑन टॅब बघा. पिवळ्या ओळी म्हणजे फाइल केव्हाच गेलेली, नोंद मात्र राहिलेली.

नोंद डिलीट करू नका, नुसती खूण काढा. खूण काढलेली नोंद ऑटोरन्स वेगळ्या कप्प्यात ठेवतं, त्यामुळे काही बिघडलं तर खूण परत लावून पूर्ववत होतं. एका वेळी दोन-तीनच काढा, संगणक पुन्हा सुरू करा, दिवसभर काम करा, मग पुढच्या.

आणि काढलेलं चिन्ह आठवड्याने परत का येतं? प्रोग्रॅम उघडला किंवा अपडेट झाला की तो आपली नोंद नव्याने लिहितो. ऑटोरन्समध्ये मग तीच नोंद दोनदा दिसते, एक बिनखुणेची आणि एक खुणेची. म्हणून आधी त्या प्रोग्रॅमच्याच सेटिंग्जमध्ये जाऊन 'विंडोजबरोबर सुरू करा' बंद करा, नंतर ऑटोरन्स. तरीही आला तर शेड्यूल्ड टास्क्स टॅब तपासा, अपडेटर बहुतेक तिथूनच उठतात.

काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची नावं सेटिंग्जमधल्या ट्रे (घड्याळाशेजारच्या) चिन्हांच्या यादीत उरतात, ती रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून, जातात: करंट यूजर, कंट्रोल पॅनेल, नोटिफायआयकॉनसेटिंग्ज. आत लांबलचक आकड्यांच्या नावांचे कप्पे असतात. प्रत्येकात एक्झिक्युटेबलपाथ ही नोंद बघा, तिथला प्रोग्रॅम अस्तित्वातच नसेल तर तेवढाच कप्पा काढा. आधी अख्खा नोटिफायआयकॉनसेटिंग्ज कप्पा राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करून ठेवा.

पिन केलेल्या चिन्हांसाठी टास्कबार ग्रुप्स हा मोफत प्रोग्रॅम आहे, तो अनेक शॉर्टकट एका चिन्हात गोळा करतो. त्याचं फोल्डर आधी कायमच्या जागी ठेवा. नंतर हलवलंत तर पिन केलेले गट उघडत नाहीत.

एक्सप्लोररपॅचर मी सुचवत नाही. विंडोज १० सारखी पट्टी तो परत आणतो, हे खरं. पण तो थेट एक्सप्लोररमध्ये, म्हणजे टास्कबार आणि फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये, हात घालतो, आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर एक्सप्लोरर पुन्हापुन्हा कोसळत राहण्याचे प्रकार झालेत. २०२१ साली विंडोज ११ आलं तेव्हा खिडक्या वेगवेगळ्या, नावासकट दाखवण्याची सोयच नव्हती, म्हणून लोक त्याकडे वळले. ती सोय २०२३ च्या अखेरीस परत आली आहे: सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स, तिथे बटणं एकत्र करण्याच्या पर्यायात 'नेव्हर' निवडा. तेवढ्यासाठी पॅचर नको. आधीच बसवलाय आणि स्क्रीन नुसती चमकतेय अशी वेळ आली, तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, 'रन न्यू टास्क' मध्ये कंट्रोल पॅनेल मागवा आणि तिथून तो काढा.

बाणामागे ढकलण्याची बाजू घेणाऱ्यांनी एकदा टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा रकाना बघावा. चिन्ह लपवण्यापूर्वीचा आकडा आणि नंतरचा आकडा ताडून पाहा. लपवल्याने काहीच मोकळं होत नाही, खूण काढून संगणक पुन्हा सुरू केला की होतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: ऑटोरन्समध्ये टचपॅडच्या, आवाजाच्या आणि अँटिव्हायरसच्या प्रोग्रॅमची खूण काढू नका, नाहीतर टचपॅडचे हातवारे बंद पडतात. जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करत असाल तर एमसाइनर (पोर्टलवर सही करवणारा प्रोग्रॅम) आणि सहीच्या टोकनचा प्रोग्रॅम चालू राहू द्या. एमसाइनर बंद असेल तर पोर्टल सर्व्हरशी जोडणी होत नाही असा संदेश देतं, आणि सगळे इंटरनेट तपासत बसतात. संगणक ऑफिसचा असेल तर ऑटोरन्स उघडण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा.