डायनॅमो काढायची घाई करू नकोस

आजोबांचा ट्रक तू अजून चालता ठेवलास, याचंच मला मोठं कौतुक आहे. पण बॅटरी चार्ज करणारा त्याचा जुना डायनॅमो काढून त्याजागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवायचा तुझा विचार आहे, त्याआधी व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन गाडीजवळ बस. १२ व्होल्टची चांगली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. रेस दिल्यावर आकडा १४ च्या जवळ गेला, तर डायनॅमो आणि कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) ठीक आहेत. नाही गेला तर आधी बेल्ट, डायनॅमोचे कार्बन ब्रश आणि अर्थिंग (बॅटरीची चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, केलेली जोडणी) बघ. माझ्या गाडीचं चार्जिंग चार महिने येत नव्हतं. शेवटी चेसीवरच्या अर्थच्या बोल्टाखाली गंज निघाला. पॉलिश पेपरनं घासून बोल्ट आवळला, झालं काम.

गाडी दसऱ्याला पूजेपुरती आणि दिवसा साताऱ्यात एखादी चक्कर, एवढंच असेल तर डायनॅमोच राहू दे. पण उसाच्या हंगामात रात्री कारखान्याच्या रांगेत लाइट लावून उभं राहायचं असेल, तर बदलच. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन संथ चालू असताना, डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो.

बदलताना गाडी १२ ची की २४ ची, आणि अर्थ निगेटिव्ह आहे का, हे स्वतः तपास. उलटी जोडणी झाली की अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) क्षणात जळतात. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायरही जाड घाल. जुनी वायर तेवढा करंट सोसत नाही, तापते. काढलेला डायनॅमो मात्र भंगारात देऊ नकोस.