अस्वलाची मादी गाभण आहे, हे दुरून कसे ओळखावे?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब रतनमहालच्या अस्वलांच्या अभयारण्यात गेलो होतो. तेथील वाटाड्याने एका कपारीकडे बोट दाखवून ‘तिकडे मादी बसली आहे’ एवढेच सांगितले आणि आम्हाला परत फिरवले. अस्वलाची मादी गाभण आहे की नाही, हे तिला न पकडता व बेशुद्ध न करता ओळखता येते का? माझ्या सुनेला औषधाच्या दुकानातल्या पट्टीवर पाच मिनिटांत उत्तर मिळाले. तशी पट्टी अस्वलासाठी का नाही?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : गर्भ गर्भाशयाला चिकटला की माणसाच्या वारेतून एक खास संप्रेरक स्रवू लागते आणि ते लघवीत उतरते. आपल्या सूनबाईंच्या पट्टीने तेच टिपले. हे संप्रेरक गर्भाकडूनच येत असल्यामुळे ते सापडले की शंकेला फारशी जागा उरत नाही. अस्वलाच्या शरीरात ते नसते, त्यामुळे ती पट्टी त्याच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. मग आईच्या स्वतःच्या संप्रेरकांवर, मुख्यतः प्रोजेस्टेरॉनवर, विसंबावे लागते आणि अस्वलाच्या बाबतीत नेमके तेच फसवे निघते.

असे का होते, हे समजण्यासाठी तपकिरी अस्वलाचे वर्ष पाहू. मे ते जुलैच्या दरम्यान समागम होतो, बीज फळते, परंतु गर्भ टाचणीच्या डोक्याएवढाही नसताना त्याची वाढ थांबते आणि तो गर्भाशयात कोठेही न चिकटता पाच-सहा महिने तसाच तरंगत राहतो. नोव्हेंबरच्या अखेरीस तो रुजतो, आणि तेथून जेमतेम दोन महिन्यांत, ऐन जानेवारीत, आई गुहेत शीतनिद्रा घेत असताना पिल्ले जन्मतात. शंभर-दीडशे किलोच्या आईचे पिल्लू जन्मतः अर्धा किलोही भरत नाही. मध्यंतरी मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली नाही, तर पिल्ले होतच नाहीत. शरीरात चरबीचे प्रमाण साधारण वीस टक्क्यांच्या खाली असलेल्या माद्या समागम होऊनही रित्या राहिल्याचे आढळले आहे. निसर्गाने हिशेब किती काटेकोर ठेवला आहे, याचे मला आजही नवल वाटते.

अडचण अशी की, गर्भ राहिला नाही तरी मादीच्या अंडाशयातील पीतपिंड (बीज सुटल्यावर मागे उरणारी, संप्रेरक स्रवणारी पिवळी गाठ) टिकून राहतो आणि ठरल्या वेळी प्रोजेस्टेरॉन वाढवतो. अशी मादी गाभण मादीसारखीच सुस्तावते, खाणे कमी करते, गवत गोळा करून जागा तयार करते. याला आभासी गर्भावस्था म्हणतात. त्यामुळे केवळ प्रोजेस्टेरॉन मोजले, तर हंगाम कळतो. पिल्लू आहे की नाही, ते कळत नाही.

तरीही विष्ठेची तपासणी हाच या कामाचा पाया आहे, कारण विष्ठा मिळवण्यासाठी प्राण्याला हात लावावा लागत नाही. रक्तातील संप्रेरके यकृतात मोडतात आणि त्यांचे अवशेष विष्ठेत उतरतात. प्राणिसंग्रहालयात एकाच पिंजऱ्यात दोन माद्या असल्या, तर एकीच्या खाण्यात चमकी किंवा खाण्याचा रंग मिसळतात, म्हणजे कोणती विष्ठा कोणाची याचा घोळ होत नाही. नमुना लगेच गोठवावा लागतो, कारण उन्हात पडून राहिला तर त्यातील जिवाणू संप्रेरकांचे अवशेषही बदलून टाकतात. प्रयोगशाळेत छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत त्याचा अर्क घालतात व शेवटी रंग उमटवतात. या चाचणीत रंग जितका फिका, तितके संप्रेरक अधिक. आपल्याकडे हैदराबादच्या ‘लॅकोन्स’ या प्रयोगशाळेत वन्य प्राण्यांच्या विष्ठेतील संप्रेरकांवर असे काम चालते. एकच नमुना फारसे काही सांगत नाही. आठवड्याला दोन-तीन याप्रमाणे काही महिन्यांचे नमुने ओळीने तपासले, तर त्यातून एक रेषा हाती येते, आणि रेषा कोठे चढली, कोठे उतरली, यावरून प्रसूतीचा अंदाज बांधता येतो.

आभास आणि खरा गर्भ यांत फरक करण्यासाठी आता इतर द्रव्यांचा शोध चालू आहे. पांडा हेही अस्वलाच्याच कुळातील. गाभण पांडाच्या लघवीत सेरुलोप्लास्मिन हे प्रथिन लवकर वाढते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकासारख्या द्रव्याचा एक अवशेष, ज्याला संशोधक ‘पीजीएफएम’ म्हणतात, तो मार्जारकुळातील माद्यांमध्ये गर्भावस्थेच्या उत्तरार्धात विष्ठेत चढतो. पांडाच्या लघवीतही त्याचा अभ्यास झाला आहे. माझ्या मते आशा येथेच आहे. पण गर्भ राहून मध्येच विरून गेला, तर ही द्रव्येही गोंधळात टाकतात. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयाने तर ध्रुवीय अस्वलांच्या विष्ठेचा वास घेऊन गाभण मादी ओळखण्यासाठी बीगल जातीचा एक कुत्रा शिकवून तयार केला होता.

खात्रीचे उत्तर अजूनही सोनोग्राफीच देते. त्यासाठी मादीला बेशुद्ध करावे लागतेच असे नाही. मध चाटायला देत देत तिला गजांशी पोट टेकून उभे राहायला किंवा आडवे पडायला शिकवतात. त्याला महिनोन् महिने लागतात. वॉशिंग्टनच्या मेई शियांग या पांडा मादीचे कृत्रिम रेतन २०२०च्या मार्चमध्ये झाले, गर्भ पडद्यावर दिसला तो १४ ऑगस्टच्या सुमारास आणि २१ ऑगस्टला ती व्याली. खात्री पटेपर्यंत प्रसूती आठवड्यावर आली होती!

आता आपल्या वाटाड्याविषयी. आपल्या जंगलातील अस्वल शीतनिद्रा घेत नाही. समागम बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या तोंडाला होतो आणि पिल्ले थंडीत होतात. त्या सुमारास मादी कपारीत किंवा बिळात शिरते व दोन-तीन महिन्यांनी पिल्ले पाठीवर घेऊन बाहेर पडते. नोकरीत असताना एका वनरक्षकाने मला पहाटेच्या पायवाटेवर अस्वलाची विष्ठा काठीने उलगडून दाखवली होती. तीत बोरांच्या बिया, वाळवीच्या डोक्यांची तपकिरी टरफले आणि दोन-तीन लांब काळे केस होते. ‘ही रोज याच वळणावर दिसायची, आठ दिवसांत दिसली नाही, म्हणजे बाई आत बसली,’ असे तो म्हणाला. आपल्या वाटाड्याचे निदानही बहुधा अशाच पाहणीवरचे असणार. स्कँडिनेव्हियातील संशोधक हेच काम अस्वलाच्या गळ्यात बांधलेल्या पट्ट्यातील हालचालमापकाने आणि शरीरात बसवलेल्या तापमापकाने करतात: गाभण मादीचे तापमान गुहेतही जवळपास नेहमीइतके राहते आणि ती व्याल्यानंतर उतरते. मात्र त्यासाठी अस्वलाला एकदा बेशुद्ध करावेच लागते, म्हणून आपल्या प्रश्नातील अट ती पद्धत पाळत नाही.

प्रश्न : एका प्राणिसंग्रहालयात अस्वलाच्या पिंजऱ्यापुढे दोन महिने ताडपत्री होती. विचारल्यावर ‘मादी कदाचित गाभण असेल’ असे उत्तर मिळाले. नुसत्या ‘कदाचित’वर लेकरांना हिरमुसले करणे योग्य आहे का?
— एक आजोबा, रावपुरा, बडोदे

उत्तर : होय, योग्य आहे, आणि वर सांगितलेल्या कारणांमुळे त्यांना ‘कदाचित’च्या पुढे काही सांगताही आले नसते. पहिल्या काही आठवड्यांत गलबला झाला, तर अस्वलाची मादी पिल्लांना टाकते, कधी मारूनही टाकते. म्हणून समागम झालेली प्रत्येक मादी गाभणच आहे असे धरून तिला अंधार, गवत आणि एकच ओळखीचा राखणदार देतात, आणि आतले कॅमेऱ्यातून पाहतात. समागमाची तारीख माहीत असली तरी गर्भ केव्हा रुजला ते माहीत नसते, त्यामुळे ताडपत्री केव्हा काढायची याचा दिवस आधी सांगता येत नाही. पिल्ले झाली असतील, तर आपल्या नातवंडांना ती वसंतात आईच्या पाठीवर बसलेली दिसतील.