पद्मिनीचे पेट्रोल पाइप : टोक कापावे की सगळेच बदलावेत?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९९६ची प्रीमियर पद्मिनी आहे. बॉनेट उघडले की पेट्रोलचा वास येतो आणि गाडी दोन दिवस उभी राहिली तर सुरू व्हायला फार वेळ घेते. पंपाजवळच्या रबरी पाइपाच्या टोकाला चिरा पडल्या आहेत. तेवढे टोक कापून पाइप पुन्हा बसवावा, असे मेकॅनिक म्हणतात. ते पुरेसे होईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, आणि कृपया तसे करू नका. टोकाला चिरा दिसतात त्या अर्थी आतले रबरही कडक झालेले असते. शिवाय आपली गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जात नव्हते, आज ते २० टक्क्यांपर्यंत असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते, मऊ पडते किंवा तडकते. म्हणून टाकीजवळचा, पंपाजवळचा आणि कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे) जाणारा, असे सगळेच रबरी तुकडे एकदम बदलावेत.

टाकीकडचा तुकडा बहुतेक जण विसरतात. इंजिनावरचा यांत्रिक पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे त्या बाजूला चीर असेल तर पेट्रोल ठिबकेलच असे नाही. उलट पाइप हवा ओढतो, उभ्या गाडीतले पेट्रोल टाकीकडे परत सरकते आणि सकाळी स्टार्टर फिरवत बसावे लागते. आपल्या दुसऱ्या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असावे. पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तिथली गळती तापलेल्या इंजिनावर पडून आग लागू शकते.

नवा पाइप घेताना त्यावर ‘एसएई ३०आर७’ (इंधनाच्या रबरी पाइपाचे मानक) किंवा, इथेनॉलसाठी अधिक चांगला, ‘३०आर९’ असा छाप पाहावा. गॅस शेगडीची नळी किंवा हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी स्वस्त पडते म्हणून कधीही लावू नये. जुना नमुना फुगलेला असतो, तेव्हा आतला व्यास धातूच्या नळीवरून मोजून घ्यावा.

काम इंजिन थंड असताना आणि उघड्यावर करावे, गॅरेजमधल्या गाडीखालच्या खड्ड्यात तर नकोच, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे. चिकटलेला पाइप ओढू नये. ब्लेडने उभा चिरावा, पण धातूवर ओरखडा येऊ देऊ नये. नवा पाइप धातूच्या नळीच्या टोकाजवळच्या उंचवट्यापलीकडे जाईल इतका सरकवून क्लिप त्या उंचवट्याच्या मागे आवळावी. तार पिळून बांधलेला जोड रबर कापतो.

फिल्टरही त्याच वेळी बदलावा. मग इंजिन चालू करून प्रत्येक जोड कोरड्या बोटाने तपासावा, आणि गाडी थोडी फिरवून आणल्यावर, इंजिन बंद करून, पुन्हा एकदा पाहावे.