परवाना राहू द्या, तिसरा कागद काढा

‘अमेरिकेत बेल बाँड एजंट असतात, तसा परवाना आपल्याकडे कुठे मिळतो?’ हा प्रश्न मला वरचेवर येतो. कल्याणच्या एका वाचकाने तो विचारताना जाता जाता जे सांगितलं, ते प्रश्नापेक्षा गंभीर आहे. कोर्टाच्या फाटकापाशी भेटलेल्या एका मध्यस्थाच्या सांगण्यावरून ते वर्षभरात तीन अनोळखी आरोपींना जामीन राहिले. दर वेळी तीन हजार रुपये मिळाले. आता हेच काम रीतसर करायचं आहे. पहिला आरोपी मागच्या दोन तारखांना फिरकलेला नाही, पण ‘अजून नोटीस नाही, म्हणजे काळजी नाही ना?’

असा परवाना भारतात नाही. अमेरिकेत एजंट बहुधा विमा कंपनीच्या पाठबळावर, जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के घेऊन आरोपीची हमी देतो. तिथेही इलिनॉय, केंटकी अशा राज्यांत हा धंदा चालत नाही. आपल्याकडे जामीनदार म्हणजे आरोपीला तारखेला उभा करू शकेल असा त्याच्या ओळखीतला माणूस. ‘दंड बसला तर मी भरून देईन’ असं आरोपीकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं असेल, तर सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्द ठरवणाऱ्या करार कायद्याच्या कलम २३ पुढे ते टिकत नाही.

खरी गाठ आहे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ४८६ मध्ये. आपण आतापर्यंत किती जणांना जामीन राहिलो, हे जामीनदाराने तपशिलासह कोर्टापुढे घोषित करायचं असतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ४४१-अ होतं, त्यामुळे ‘नवा नियम आहे, माहीत नव्हतं’ ही सबब चालणार नाही. हे कलम आकड्याची मर्यादा घालत नाही, फक्त खरं सांगायला लावतं. कल्याणकर, तुमच्या तिसऱ्या घोषणापत्रात ‘यापूर्वी कोणासही जामीन नाही’ असं आहे. रकाना मध्यस्थाने भरला, तुम्ही न वाचता सही केली. घराच्या करारावर तरी अशी सही केली असती का? न्यायालयासमोरच्या खोट्या कथनाला भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्याच्या, कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्यावर ते लागेलच असं नाही. मूळ कागद पाहिल्याशिवाय कोणी छातीठोकपणे सांगू नये.

नोटीस आली नाही, कारण आपली कोर्टं सावकाश चालतात. वॉरंट निघतं, न बजावता परत येतं, पुढची तारीख पडते, तेवढ्यात साहेबांची बदली होते. मग एक दिवस ‘आरोपी आला नाही, जामिनाची रक्कम तुम्ही का भरू नये?’ अशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ ची कारणे दाखवा नोटीस दारात येते. रक्कम भरली नाही तर ती दंडासारखी वसूल होते, आणि तशीही वसूल झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. शिवाय त्या निमित्ताने तुमचे बाकीचे जामीन कोणी तपासले, तर तिसरा कागदही वर येईल.

म्हणून नोटिशीआधी हालचाल करा. फौजदारी वकील गाठा. मध्यस्थाने सुचवलेला नको. तिसऱ्या प्रकरणात खरी माहिती आपण होऊन द्यायची का आणि कोणत्या शब्दांत, हे त्यांना ठरवू द्या. जे दोन आरोपी अजून तारखांना येतात, त्यांच्या प्रकरणांत कलम ४८९ खाली जामीनकीतून मुक्त होण्याचा अर्ज लगेच टाका. अर्ज दिला की सुटलात असं मात्र नाही. कोर्ट वॉरंट काढून आरोपीला बोलावतं, तो हजर झाला की मग तुम्ही मोकळे. म्हणूनच तो येतो आहे तोवर अर्ज करण्यात अर्थ. फिरकत नाही त्याला शोधा, जिथे शोधलंत त्याची टिपणं ठेवा. कलम ४९१ खाली कोर्ट कारणं नोंदवून रकमेचा काही भाग माफ करू शकतं, तेव्हा ती उपयोगी पडतील.

आणि पत्राच्या शेवटी लिहिलंय की मूळ रेशनकार्ड ‘सोयीसाठी’ त्या मध्यस्थाकडेच असतं. ते उद्या सकाळी परत आणा. देत नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. चौथा जामीन तुमच्या नावावर लागला असेल तर तो तुम्हाला माहीतही नसेल.