तुमचे प्रश्न: सोलर परवडतं का हो?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की आमच्या घरचं लाइट बिल आता दीडशेच्या आसपास येतं, आणि त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवावे लागले. पुष्कळ पत्रांत तोच तोच प्रश्न आहे, म्हणून निवडून पाचच घेतोय. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीयत.

प्रश्न: मी रिटायर्ड शिक्षक, वय 67. बिल हिवाळ्यात 170 युनिट, मे महिन्यात एसीमुळे 320 पर्यंत जातं. एक एजंट रोज फोन करतोय, 5 किलोवॉट बसवा, बिल झिरो. माझ्या हयातीत पैसे फिटतील का? (सांगली)

सर, फिटतील आणि वर उरतील पण, फक्त 5 किलोवॉट बसवू नका.

बघा, आपल्याकडे 1 किलोवॉटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आत-बाहेर देतं, म्हणजे महिन्याला साधारण 120. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ बसलं की निम्म्यावर येतं, मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त. तुमची वर्षाची सरासरी धरली 230 युनिट, तर 2 किलोवॉट पुरतं. एजंट 5 का म्हणतो, तर त्याचं कमिशन 5 चं असतं, आणि तुम्ही 600 युनिट तयार करून करणार काय? वापरून उरलेले युनिट महावितरणच्या लाइनमध्ये जातात आणि पुढच्या महिन्यात तुमच्या नावावर जमा होतात हे खरं, पण हा हिशोब मार्चअखेर मिटतो, तेव्हा शिल्लक युनिटला मिळणारा भाव अगदी फुटकळ असतो. आणि गंमत अशी की थंडीत साठवलेले युनिट 31 मार्चला संपतात आणि तुमचा एसी सुरू होतो एप्रिलमध्ये. त्यामुळे साठवू साठवू असं कितीही म्हटलं तरी त्याला मर्यादा आहे.

दुसरी गोष्ट एजंट कधीच सांगत नाही. महावितरणच्या बिलात पहिले 100 युनिट स्वस्त असतात, 100 च्या पुढे वीज आकार दुपटीच्या वर जातो. पॅनलने युनिट कमी झाले की आधी हे वरचे महाग युनिट उडतात. म्हणजे पहिला किलोवॉट जेवढे पैसे वाचवतो तेवढे तिसरा वाचवत नाही आणि चौथा तर जवळजवळ फुकटच जातो. सबसिडीची रचना पण तशीच आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000 आणि पुढे कितीही लावा, 78,000 च्या वर एक रुपया नाही.

तुमचा ढोबळ हिशोब: 2 किलोवॉटला साधारण 1 लाख 35 हजार धरा, भागाप्रमाणे आणि स्ट्रक्चरच्या उंचीप्रमाणे कमीजास्त होईल. त्यातून 60,000 सबसिडी परत येते, पण ती बसवून झाल्यावर बँक खात्यात येते, आधी पैसे आपल्याच खिशातून जातात. उरले 75,000. महिन्याला दोन-सव्वादोन हजार वाचले तर तीन वर्षं, पावसाळा आणि मार्चची ती भानगड धरून चार म्हणा. म्हणजे 71 व्या वर्षी पैसे फिटले. पॅनल 25 वर्षं चालतं, पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा इन्व्हर्टर मात्र आठ-दहा वर्षांनी बदलावा लागतो, तो खर्च आत्ताच डोक्यात ठेवा. 'झिरो बिल' असं काही नसतं, स्थिर आकार आणि त्यावरची ड्युटी भरावीच लागते, आमचे दीडशे तेच आहेत.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्याकडे सर्व्हेला माणूस आला तो मे महिन्यात, दुपारी. आपल्याकडे मेमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस असतो ना, तेच दिवस, त्यामुळे पाण्याच्या टाकीची सावली टाकीच्याच पायाशी. त्याने खुशाल टाकीच्या उत्तरेला पॅनल मांडले आणि मी वर उभा राहून मान डोलावली. डिसेंबर आला, सूर्य दक्षिणेला खाली गेला आणि टाकीची लांबलचक सावली दोन पॅनलवर आडवी. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे दोनावर सावली आली की माळेतल्या बाकीच्यांवरही परिणाम होतो. शेवटी टाकी हलवली, प्लंबरचे पैसे वेगळे. तुम्ही सर्व्हे कधीही करा पण डिसेंबरमध्ये सावली कुठे पडेल हे त्याच्याकडून कागदावर काढून घ्या.

प्रश्न: आमच्याकडे वाऱ्यापावसात दोन-दोन दिवस लाइट नसते. सोलर बसवलं तर तो त्रास संपेल ना? (कुडाळ)

नाही ताई, आणि हे ऐकून पुष्कळ लोकांचा चेहरा पडतो. सबसिडीवाल्या बहुतेक सिस्टीम ऑनग्रिड, बाहेरच्या लाइनला जोडलेल्या असतात. म्हणजे बाहेरची लाइट गेली की सोलर पण बंद. छतावर कडकडीत ऊन आणि खाली पंखा बंद, आमच्या आईला अजून हे पटलेलं नाही, ती म्हणते मग एवढा खर्च केला कशाला.

त्यामागे कारण आहे. लाइट गेलेली असताना पोलवर वायरमन काम करत असतो, तेव्हा तुमच्या घरातून लाइनमध्ये उलटा करंट गेला तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिड गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो, आणि ते बरोबरच आहे.

लाइट हवीच असेल तर हायब्रिड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घ्यावी लागते. रात्रभर पंखे, दिवे, फ्रिज चालवेल अशी 5 युनिटची बॅटरी म्हटली की खर्च लाखाच्या घरात वाढतो आणि सबसिडी पॅनलच्या किलोवॉटवर असते, बॅटरीवर नाही. मग परतफेडीचं गणित पार बदलतं. माझं मत विचाराल तर, वर्षातले मोजके दिवसच लाइट जात असेल तर ऑनग्रिड सोलर आणि शेजारी साधा इन्व्हर्टर-बॅटरी, जो पुष्कळ घरांत असतोच, एवढं बास. आणि कोकणात आहात तर पॅनलपेक्षा लोखंडाकडे जास्त लक्ष द्या, जाड गॅल्वनाइज्ड पाइप आणि फाउंडेशन नीट. जून 2020 च्या निसर्ग वादळात पत्रे कसे उडाले ते आठवत असेलच, पॅनल म्हणजे वाऱ्याला शिडासारखंच असतं.

प्रश्न: आमची सात मजली सोसायटी, 56 फ्लॅट. प्रत्येकाला घरचं बिल कमी करून हवंय, गच्ची एकच. मीटिंगमध्ये भांडणं चालू आहेत. (डोंबिवली)

भांडण थांबवायला टेप घेऊन गच्चीवर जा. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते. टाक्या, लिफ्टची खोली, डिशा, वाळवणाच्या दोऱ्या सोडून उरतं किती ते बघा. 56 घरांना पुरेल एवढं उरत नाही, उरणारच नाही. पण लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं कॉमन मीटर असतं त्यासाठी 15-20 किलोवॉट बसतात, आणि सोसायट्यांना कॉमन वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 सबसिडी आहे. मेंटेनन्स कमी झाला की सगळ्यांनाच सारखा फायदा. सेक्रेटरींना एवढंच सांगा.

प्रश्न: दोन एकर माळरान आहे, सबस्टेशन जवळ. सोलर प्रोजेक्टला भाड्याने द्यावं का? आणि विहिरीवर सोलर पंप घेऊ का? रात्रीच्या लाइटला कंटाळलोय. (माण, सातारा)

दादा, रात्री दोन वाजता मोटर चालू करायला बॅटरी हातात घेऊन उसात शिरणं काय असतं ते शहरातल्या वाचकांना कळायचं नाही. साप, विंचू, आता बिबट्या. आपल्या राज्यात मोठ्या सोलरचा खरा उपयोग इथेच आहे असं मला वाटतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. आयडिया साधी: सबस्टेशनच्या जवळ काही मेगावॉटचा प्लँट, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या लाइनला, दिवसा. वीज लांबून आणायची नाही म्हणून वाटेतली गळती पण वाचते. या टप्प्यातला पहिला प्लँट वैजापूर तालुक्यात धोंदलगावला 3 मेगावॉटचा झाला.

भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दर वर्षी 3 टक्के वाढ. दोन एकराचे होतात वर्षाला एक लाखाच्या आसपास. पण 1 मेगावॉटलाच चार-पाच एकर लागतात, त्यामुळे एकट्याच्या दोन एकरांकडे कोणी बघणार नाही, शेजारच्या दोघा-तिघांना बरोबर घ्या. करार 25-30 वर्षांचा असतो, भावकीत सह्या आधी करून घ्या. जमीन पिकणारी असेल तर देऊ नका असं मी म्हणेन, माळ असेल तर खुशाल द्या.

पंपाचं म्हणाल तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला 5. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी, त्याच्या वर साडेसात. विहिरीला झकास चालतो. सकाळी नऊपर्यंत धार बारीक असते, दुपारी जोर, आभाळ आलं की बसला. पाणी लांब न्यायचं असेल किंवा बोअर फार खोल असेल तर मात्र आधी एखाद्याच्या शेतात चालू असलेला बघून या.

प्रश्न: सर, हे घरांपुरतं ठीक आहे, पण सगळा देश सोलरवर चालेल का? आमच्या कॉलेजात यावर रोज वाद होतात. (नागपूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

महाग आहे का, हा वाद संपलाय मित्रा. 2010 च्या सुमाराला लिलावात सोलर विजेच्या बोली 12 रुपये युनिटच्या आसपास होत्या, 2017 मध्ये राजस्थानातल्या भाडला सोलर पार्कला 2 रुपये 44 पैसे. त्या एका पार्कची क्षमता 2,245 मेगावॉट आहे आणि 14,000 एकरांवर पसरलाय. दुपारी बारा वाजता नव्या कोळशाच्या प्लँटला या भावाशी स्पर्धा जमणार नाही.

वाद घालायचाच असेल तर संध्याकाळी साडेसातवर घाला. तेव्हा घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी चालू होतात आणि सूर्य गेलेला असतो. जानेवारी 2025 मध्ये देशाची सोलर क्षमता 100 गिगावॉट (1 गिगावॉट म्हणजे 1,000 मेगावॉट) पार झाली, पण क्षमतेचा आकडा फसवा असतो. रात्र, ढग, धूळ धरून 100 मेगावॉटचा सोलर वर्षभरात सरासरी 20-25 मेगावॉटइतकंच काम करतो, म्हणून क्षमतेत मोठा दिसणारा सोलर युनिटच्या हिशोबात कोळशाच्या पुष्कळ मागे आहे. तुम्ही तर विदर्भातले, तुम्हाला वाटेल आमच्याकडे 46 डिग्री म्हणजे सोलरची चांदी. उलटं आहे! पॅनलला उजेड लागतो, उष्णता नाही. 25 डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटतं, आणि मे महिन्यात पॅनल 60-65 पर्यंत तापतं.

संध्याकाळचं काय करायचं याची दोन उत्तरं आहेत. एक बॅटरी, तिचे भाव पडतायत, सोलरबरोबर काही तासांची बॅटरी द्यायची अशा टेंडरमध्येसुद्धा साडेतीन रुपयांच्या आसपासच्या बोली आल्या. दुसरं पाणी, आणि हे आपल्या सह्याद्रीला जमतं. घाटघरला 250 मेगावॉटचा प्रकल्प आहेच: वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला. उरलेल्या विजेवर पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. पूर्वी ही उरलेली वीज रात्रीची असायची, आता ती दुपारी असते. असे प्रकल्प आणखी हवेत, पण घाटात धरण बांधायचं म्हणजे जंगल आलं, गावं आली, ते फुकट होत नाही. राजस्थानात तर सोलरच्या तारांना माळढोक पक्षी धडकतात म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोकाची काय अवस्था झाली ते माहीत असणाऱ्याला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही.

तेव्हा कॉलेजात सांग, दिवसा चालेल, रात्रीचं काम सुरू आहे. आणि तोपर्यंत पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन दुपारी बारा ते तीनमध्ये लावायला घरच्यांना सांग.

जाता जाता, पॅनल कशाने पुसायचं असं चौघांनी विचारलंय. पहाटे, पॅनल गार असताना, साधं पाणी आणि मऊ वायपर. बोअरचं जड पाणी वापरून काचेवर पांढरे डाग पाडून घेऊ नका, आमच्या एका कोपऱ्यातले अजून निघालेले नाहीत.